सरवा

झाडीपट्टीत धान कापून झालं की बांधीत जे उरतं त्याला सरवा म्हणतात. कापणाऱ्या बायांच्या हातून सुटलेल्या लोंब्या, कडपा उचलताना गळलेल्या, भारा बांधताना तुटून पडलेल्या. उंदरांनी बिळात नेऊन ठेवलेल्या लोंब्याही त्यातच धरायच्या. धान पुंजण्यावर गेलं की म्हाताऱ्या, विधवा, पोरंटोरं टोपली घेऊन बांधीत उतरायची. जपून उतरावं लागे. आमच्याकडे धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकतात, त्यामुळे कापणीच्या वेळी तिचे कोवळे कोंब पायाशी असतात. त्यांना न तुडवता एकेक लोंबी वेचायची. दिवसभर वाकून पायली-दोन पायली मिळाली तर दिवस चांगला म्हणायचा.

सरव्याला कुणी भीक म्हणत नसे आणि कुणी चोरीही म्हणत नसे. मालकाचा भारा उचलला गेला की जमिनीवरचं ज्याचं त्याचं, असा न लिहिलेला कायदा होता. मी ज्या घरात वाढलो, तिथे हा कायदा लिहिलेलाही होता. आमच्या घरच्या मराठी बायबलमध्ये रूथचं पुस्तक आहे, चार अध्यायांचं. त्यात हाच शब्द आहे, सरवा. लहानपणी मला वाटायचं, हे पुस्तक लिहिणारा मूल-सावलीकडचाच कुणीतरी असणार. नाहीतर त्याला सरवा कसा माहीत?

गोष्ट थोडक्यात सांगतो. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचं घर, आणि त्याच गावात दुष्काळ पडला. एक कुटुंब गाव सोडून मवाबाच्या मुलखात गेलं. तिथे घरातले पुरुष मेले. सासू नामी परत निघाली, आणि परमुलखातली तिची विधवा सून रूथ तिला सोडीना. दोघी बेथलेहेमला आल्या त्या जवाच्या कापणीच्या दिवसांत. सून बोवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली. बोवाजानं गड्यांना सांगितलं, मुद्दाम काही लोंब्या टाका, आणि तिला लाजवू नका. पुढे याच परक्या बाईच्या वंशात दावीद राजा झाला. मोशेच्या नियमशास्त्रातही शेतकऱ्याला सांगितलं आहे की शेताचा कोपरा साफ कापू नये, पडलेलं परत उचलायला जाऊ नये. ते गरिबाचं आणि परक्याचं.

माझ्या आजीचा सगळा धर्म या दोन ठिकाणी होता. बाकीचं तिनं वाचलं होतं, पाठही होतं, पण ती जगली ती या दोन पानांवर.

हा धर्म आमच्या भागात आला कसा, हे सांगायला हवं, कारण लोक अजून विचारतात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आहे. पण आमच्याशी त्यांचं नातं दगडांचं आणि गाण्यांचं. वरोऱ्याकडच्या मांगलीच्या दगडातून मिळालेली एका प्राचीन प्राण्याची कवटी त्यांच्यामुळे विलायतेत पोहोचली, आणि रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानं १८५५ मध्ये तिचं वर्णन छापलं. गोंडांची गाणी, त्यांच्या लिंगोची कथा हिस्लॉप यांनी लिहून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना रात्री ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले, म्हणून ती गाणी उरली. लोकांना आपलं सांगायला आलेला माणूस लोकांचं ऐकत बसला, ही गोष्ट मला त्यांच्या उपदेशापेक्षा मोठी वाटते.

चांद्यात काम रुजवलं ते स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल मंडळीनं. तिथले अलेक्झांडर वुड यांनी १९०६ मध्ये चांद्याच्या मिशनवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. पुढे ते नागपूरचे बिशप झाले. सिरोंचाकडे तेलुगू बोलणारे ख्रिस्ती, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणि कोळसा खाणींत आलेले कामगार ख्रिस्ती, असे थोडे थोडे जमत गेले. १९६२ मध्ये रोमनं चांदा हे क्षेत्र केरळच्या सीरो-मलबार परंपरेतल्या पाद्र्यांकडे सोपवलं. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, त्याचं ठाणं बल्लारपूरला. आमची मंडळी अँग्लिकन. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा आमच्या पाटीवरचं नाव बदललं. माणसं तीच राहिली, आणि मूठभरच राहिली. वसईसारखी गावंच्या गावं किंवा नगरसारखे मोठे मिशन-कंपाउंड आमच्याकडे नव्हते. एका गावात एक घर, दुसरं घर चार कोसांवर. देऊळ म्हणावं तर चांद्याला, म्हणजे बैलगाडीनं दीड दिवसाची वाट. त्यामुळे देव भेटायचा तो घरात, बांधीत, बोडीच्या पाळीवर भेटायचा. नाहीतर भेटायचाच नाही.

आजी या धर्मात आली ती दुष्काळातून. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ पडले. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः होशंगाबाद, सोहागपूरकडे गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना आपल्या आश्रयाला घेऊन आल्या, हे पुष्कळांना ठाऊक असतं. आमच्या भागात अशी नावाजलेली बाई आली नाही. सरकारी दुष्काळी कामं निघाली होती, रस्त्याची खडी फोडायची, तलावाची माती वाहायची. दुसऱ्या दुष्काळात आजी आठ-नऊ वर्षांची होती. आई मातीच्या टोपलीखाली बसली ती उठली नाही, इतकंच तिला आठवे. कुणीतरी तिला चांद्याला एका मिशनच्या बाईंच्या हवाली केलं. तिथे ती वाचायला शिकली. सोळाव्या वर्षी मिशनमध्येच वाढलेल्या एका मुलाशी तिचं लग्न झालं आणि दोघं मालगुजाराच्या गावात मजुरीला आले. तिशी उलटायच्या आत ती विधवा झाली. पदरी माझा बाप, आणि उपजीविका सरवा.

तिला बायबलमधला सरवा कळायला शब्दकोश लागला नाही. भाषांतर करणाऱ्यांचे यासाठी उपकार मानले पाहिजेत. पंडिता रमाबाईंनी तर खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, त्यासाठी त्या भाषा शिकल्या, आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या कामाला लागून होत्या. एक शब्द ओळखीचा निघाला की सगळं पुस्तक आपलं होतं. आजीला तो शब्द सापडला होता. ती म्हणे, "मी सरवा वेचत होतो तवा मले वाटे का देवानं मले पाह्यलं नाही. मंग वाचलं, त् समजलं का तो बांधीतच उभा होता."

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. बापाच्या वहितीतली तीन एकर जमीन त्याच्या नावावर झाली. सरवा वेचणारीचा पोर धुऱ्याचा मालक झाला. पहिल्या कापणीला आजी विळा घेऊन बांधीत उतरली आणि उगवतीकडचा एक कोपरा दाखवून म्हणाली, "हा कापाचा नाही." हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक होता. सरवा वेचणाऱ्या बाया बांधीत आल्या की घरातल्या कुणी तिकडे जायचं नाही आणि पाहायचं नाही. कोण आलं, किती नेलं, विचारायचं नाही. बोवाजानं सांगितलं होतं, तिला लाजवू नका. आजी म्हणे, लाजवायला बोलावं लागत नाही, धुऱ्यावर उभं राहिलं तरी पुरतं.

आमच्या घरात प्रार्थना रोज होई, कंदील लावला की. पण पवित्र म्हणून आम्हाला जे कळलं ते अशा रोजच्या गोष्टींतून. पोळ्याला बाप बैल धुई, शिंगांना रंग लावी, त्यांना जेवण देई. ओवाळत नसे, पण त्या दिवशी जू त्यांच्या खांद्यावर ठेवत नसे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत बैलांची नावं घेई. नव्या धानाचा पहिला भात शिजला की चुलीपुढे सगळे उभे राहात, आभार मानत, मग एक वाटा शेजारी जाई. चांद्याला कापणीच्या सणाला जमलं तर तांदूळ, भोपळा, एखादी कोंबडी नेत असू. भजनं आम्ही खंजिरीवर म्हणत असू. नारायण वामन टिळकांची गीतं आमच्या पुस्तकात होती. ते नागपुरात राहिले होते, आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार आला होता, याचा आमच्या वडीलधाऱ्यांना उगीच अभिमान होता, जणू गाडी आमच्याच बांधीतून गेली. चाली मात्र कानावर असत त्या तुकडोजी महाराजांच्या. चिमूर आमच्याच जिल्ह्यात. महाराजांच्या खंजिरीवर तिथलं गाव १९४२ मध्ये पेटलं होतं. बाप त्यांच्या चालीवर टिळकांचे शब्द बसवी, आणि शेजारचे गुरुदेव सेवा मंडळातले काका येऊन टाळ धरत.

एवढं असूनही एका ठिकाणी गाठ बसली होती. आखाडीला गावाची पूजा असे, घरपती पट्टी गोळा होई. बाप म्हणाला, "पूजेले नाही देत, पन जेवनाले देतो." त्यानं दोन कुडो तांदूळ नेऊन ठेवले. पुष्कळांनी समजून घेतलं. तीन-चार घरांनी नाही घेतलं. गावात राहता आणि गावाच्या देवाचं नाही म्हणता, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पाऊस सगळ्यांचा, रोगराई सगळ्यांची, तर पट्टीही सगळ्यांची, असा तो हिशेब होता. त्या घरांतून आमचं बोलावणं बंद झालं.

मग १९६५ चा पाऊस बुडाला. बोडी अर्धीही भरली नाही, रोवणी उशिरा झाली, धान निसवताना पाणी संपलं. तीन एकरांत जेमतेम एकराचं पीक. घरात खाणारी तोंडं सात. कापणीच्या दिवशी बाप विळा घेऊन कोपऱ्याकडे वळला. आजी धुऱ्यावर बसली होती, ती उठून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मी तेरा वर्षांचा होतो. बापाचा चेहरा मला अजून दिसतो. तो म्हणाला, "माय, पोट्टे काय खातीन?" आजी म्हणाली, "ज्या साली पुरते त्या साली ठेवलं, त् ते उरलेलंच देल्लं. या साली ठेवशील, तवा ते कोपरा होईन."

बापानं विळा खाली टाकला नाही. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग कोपरा सोडून बाकीची बांधी कापायला लागला. रागातच कापली. त्या वर्षी आम्ही मोहफुलं उकडून खाल्ली, लाखोळीच्या डाळीवर दिवस काढले, आणि माझी धाकटी बहीण फाल्गुनापर्यंत फार अशक्त झाली होती. आजीचं बरोबर होतं असं बाप कधी म्हणाला नाही. पण पुढच्या वर्षी त्यानं कोपरा आपण होऊन सोडला.

त्या दुष्काळी कापणीनंतर कोपऱ्यात कोण कोण आलं, ते मला कळू नये असा नियम होता. पण मी बोडीवरून बैल घेऊन येत होतो आणि मला दिसलं. पट्टीवरून ज्यांचं बोलणं बंद झालं होतं, त्यांतल्या एका घरची बाई होती. आजीनं तिला आधीच पाहिलं होतं. ती आमच्या अंगणात होती, आणि तिनं बांधीकडे पाठ करून सूप पाखडायला घेतलं. सुपात काही नव्हतं.

त्याच सुमारास एक केरळचे फादर सायकलवरून आमच्या भागात फिरत. आम्ही त्यांच्या मंडळीतले नव्हतो, पण चार कोसांत ख्रिस्ती घर एकच, म्हणून ते पाणी प्यायला थांबत. मराठी नुकतीच शिकत होते. एकदा त्यांनी आजीला विचारलं, "आजी, सरवा म्हणजे सर्व काय?" आम्ही पोरं हसलो. आजी हसली नाही. म्हणाली, "नाही बाबा. सर्व नेल्यावर जे राह्यते, ते सरवा." फादरांनी वही काढून ते लिहून घेतलं.

१९६७ च्या मे महिन्यात आजी गेली. ऊन असं की चांद्याच्या ख्रिस्ती स्मशानभूमीपर्यंत बैलगाडीनं नेणं शक्य नव्हतं. गावात ज्या त्या जातीची माती द्यायची जागा ठरलेली, आमची कुठेच नाही. चावडीपुढे माणसं जमली. कुणी भांडलं नाही, पण कुणी जागाही सांगेना. सावली सरकत होती, बाप मान खाली घालून बसला होता. तेव्हा गावचा भूमक, गोंडांचा म्हातारा पुजारी, काठी टेकत उठला. म्हणाला, "बुडी जलमभर धुऱ्याधुऱ्यानं हिंडली. माह्या बांधीचा कोपरा आहे, तिथं ठेवा." आखाडीची पूजा करणारा तोच. आमची पट्टी त्याच्याच पूजेला नव्हती.

खड्डा खणायला जे आले त्यांत पट्टीवाल्या घरातला एक मुलगाही होता. चांद्याहून पाळकसाहेब आले तिसऱ्या दिवशी. प्रार्थना तेव्हा झाली. तोवर भूमकानं तिच्या उशाशी एक दगड उभा करून ठेवला होता, आपल्या लोकांच्या रीतीनं. पाळकसाहेबांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि त्याच्यापुढेच उभं राहून त्यांनी प्रार्थना म्हटली. क्रूस बापानं नंतर लावला, सागाचा. तो कुजून गेला. दगड आहे.

पुढे मी शिक्षक झालो आणि नोकरीची पुष्कळ वर्षं भामरागडकडे काढली. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी तिकडेच होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल बुडे आणि जगाशी संबंध तुटे. हेमलकशाला डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात सुरू केलेलं काम तोवर दूरवरच्या पाड्यांना माहीत झालं होतं. त्या रानात ख्रिस्ती म्हणून मी जवळजवळ एकटा. रविवारी खोलीत बसून एकटाच वाचत असे. पण माझी उपासना चुकली असं मला तिथे कधी वाटलं नाही. माडिया लोक पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालत नाहीत, मोह वेचत नाहीत. पहिलं फळ आधी देवाचं, मग आपलं. आमच्या पुस्तकात प्रथमफळाचा नियम आहे. तो पाळणारे लोक मला पुस्तकाबाहेर भेटले. शिकार झाली की पाड्यातल्या प्रत्येक चुलीला वाटा जाई, म्हातारीला, आजाऱ्याला, आणि कुणाचा कुणी नसलेल्या मास्तरलाही. पानात बांधलेला तो वाटा दारात ठेवून पोरगं पळून जाई. थांबून आभार ऐकायची तिकडे रीत नाही. मला आजीचा दुसरा नियम आठवे.

धर्म परका का आपला, हा वाद मी आयुष्यभर ऐकला, दोन्ही बाजूंनी. मला एवढंच सांगता येतं की रूथ परकी होती, माझी आजी परकी ठरवली गेली होती, आणि दोघींना जागा मिळाली ती कुणीतरी आपल्या बांधीचा कोपरा सोडला म्हणून. सोडणाऱ्याचा देव कोणता, हे कोपऱ्याला विचारून कळत नाही.

आता आमच्याकडे हार्वेस्टर येतो. दोन दिवसांचं काम तासाभरात होतं, आणि मागे लोंबी उरत नाही. उरली तर चाकाखाली दाबली जाते. लाखोळीही त्यामुळे कमी झाली. रेशनचा तांदूळ मिळतो, म्हणून सरवा वेचायला फारसं कुणी जातही नाही. हा शब्द आमच्या नातवंडांना बायबलमध्ये वाचून विचारावा लागतो. पण बांध्या लहान आहेत आणि यंत्र मोठं. ते कोपऱ्यात वळत नाही. चारही कोपरे उभे राहतात, ते मागून विळ्यानं कापावे लागतात. माझा पुतण्या तीन कोपरे कापतो. चौथा, उगवतीकडचा, कापत नाही. गेल्या वर्षी मी गावात होतो. दोन दिवसांनी तो कोपरा रिकामा दिसला. कुणी नेला, ते मी विचारलं नाही, आणि पुतण्यानंही सांगितलं नाही.